पान एकशे बारा

त्सुनोउरा
९ ऑक्टोबर २०२३

फुमिए ताईस वाकून नमस्कार.

इकडे वारा फिरला. उत्तरेचा सुरू झाला की चार दिवसांत कपाटातून जाड कपडे निघतात, तुला आठवतच असेल. उत्सुनोमियाला डोंगराच्या आडोशाने थंडी जरा उशिरा येत असेल. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. मुलीला सांग, खालच्या खोलीत झोपायची सोय कर म्हणून.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून चिझुको म्हणाली, "ताईंचं आहे. उघडा की. त्यात साप नाही." मी जेवण झाल्यावर उघडलं.

जुलैत दाजींच्या अंत्यविधीला येऊ शकलो नाही. पाठीचं कारण तेव्हा कळवलं होतं. पाठ आता बरी आहे.

गावाची खबर म्हणजे वीजकेंद्राचीच खबर, दुसरं इथे आहे काय. मार्चमध्ये कोळशाचं शेवटचं जहाज रिकामं झालं, एप्रिलच्या मध्यात उरलेला कोळसा जळून संपला आणि धुराडं थांबलं. पुढच्या वर्षी ते पाडायला घेणार. दोनशे मीटरचं धुराडं एकदम पाडत नाहीत, वरून एकेक कडं कापत आणतात, तीन वर्षं लागतील म्हणे. तू इथे होतीस तेव्हा सगळ्या बायका आधी धुराकडे बघायच्या आणि मग कपडे वाळत घालायच्या. चिझुको अजून बघते. मी म्हटलं, आता कसला धूर? तर म्हणाली, "मान आपोआप वळते, तिला तुमच्या कंपनीचं पत्रक मिळालेलं नाही."

गरम पाणी जिथे समुद्रात सोडायचे तिथे हिवाळ्यात बोय मासे दाटीने यायचे आणि गळ टाकणाऱ्यांची रांग लागायची. आता पाणी गार. मासे गेले, माणसं गेली, डबे विकणारी म्हातारी पण गेली. कोळशाच्या अंगणात गवत उगवलंय. पन्नास वर्षं ज्या ढिगाऱ्यांवर आपण धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं, तिथे आता धूळ उडायलाही काही नाही.

असो. तुझ्या पत्रातल्या मुद्द्यावर येतो.

पुस्तकाचं खरं आहे. केंद्राची पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि बंदही झालं, म्हणून कंपनी एक स्मृतिग्रंथ काढते आहे. समितीत मोरिवाकी साहेब आहेत, आपले जुने उपप्रमुख, एक्याऐंशी वर्षांचे झाले तरी आवाज तोच. कार्यालयातल्या तोमिनागा बाई टंकलेखन आणि फोटो बघतात. आणि मी. मी फक्त मुद्रितं तपासतो. दाजींचा एखादा जुना फोटो मिळावा म्हणून तोमिनागा बाईंनी तुला पत्र पाठवलं, त्यासोबत ते पान यायला नको होतं. बाईंनी सगळ्यांनाच सरसकट पाठवलं.

पान एकशे बारावरचं वाक्य तू उतरवून पाठवलंस. मला ते पाठ आहे, तरी तुझ्या अक्षरात पुन्हा वाचलं: "१७ नोव्हेंबर १९८१ रोजी फोरमन तेइझो ओनुमा यांच्या तपासणीतील हलगर्जीपणामुळे कोळशाच्या पट्टा क्रमांक तीनवर ठेकेदाराच्या एका कामगाराचा मृत्यू झाला."

तू विचारलं आहेस, हे खरं आहे का, एवढंच सांग. आणि पुढे लिहिलं आहेस की चाळीस वर्षं रोज तू दाजींच्या मागून गॅसची कळ स्वतः तपासलीस, आणि ते दारात उभं राहून बघत असायचे, कधी काही बोलले नाहीत.

ताई, ते वाक्य माझं नाही. त्या वेळच्या चौकशी अहवालातून ते जसंच्या तसं घेतलं आहे. मी तेव्हा त्याच पाळीवर होतो हे खरं, पण बेचाळीस वर्षं झाली, आणि माणसाच्या लक्षात काय राहतं आणि काय नाही हे सांगता येत नाही. छापखान्याला मजकूर द्यायची मुदत एकतीस तारखेची आहे. त्याआधी एक बैठक आहे. तुझं म्हणणं मी समितीपुढे ठेवतो. मोरिवाकी साहेब माझं ऐकतात.

काळजी करू नकोस. गुडघ्यांना शेक घे.

तुझा धाकटा भाऊ
शिगेमित्सु

ता. क. चिझुको विचारते आहे की हे ताईंना पत्र आहे की कंपनीला अहवाल. तिचा नमस्कार.


त्सुनोउरा
२ नोव्हेंबर २०२३

फुमिए ताईस वाकून नमस्कार.

काम झालं. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

बैठक सोमवारी सकाळी जुन्या कॅन्टीनमध्ये झाली. कॅन्टीन बंद असल्याने हीटरही बंद. तिघंही कोट घालून बसलो. मी तुझं नाव न घेता विषय काढला की पान एकशे बारावरच्या एका वाक्याबद्दल घरच्यांना वाईट वाटतं आहे.

मोरिवाकी साहेब म्हणाले, "कुवाहारा, ही तुझ्या मेहुण्याची भानगड ना?"

मी हो म्हटलं.

"मग तू इतके दिवस गप्प का? पाचदा मुद्रितं तपासलीस की तू."

मी म्हटलं, शुद्धलेखनाची चूक नव्हती.

ते हसले. म्हणाले, "खरं आहे. पण निरोपाच्या जेवणात कोणी मढं वाढतं का? काढून टाका. नुसतं नाव नको काढायला, नाव काढलं की लोक विचारतात कोण होता तो. सगळंच काढा. अपघातच काढा."

तोमिनागा बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "साहेब, पुढच्याच पानावर विनाअपघात तासांचा तक्ता आहे. एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात आकडा एकदम शून्यावर येतो आणि परत एकपासून सुरू होतो. त्याचं काय करू?"

"तक्ता पण काढा."

"मग दीड पान मोकळं राहतं."

"उन्हाळी नाचाचा फोटो टाका. मोठा करून. लोकांना तेच आवडतं."

बाईंनी फोटोंचा गठ्ठा काढला आणि मी निवडायला बसलो. ताई, त्यात ऐंशी सालच्या नाचाचा एक फोटो मिळाला. मधल्या मचाणावर दाजी ढोल वाजवताहेत, डोक्याला पट्टी बांधलेली, तोंड उघडं, बहुतेक ओरडत असावेत. खाली बायकांच्या रिंगणात तू पण आहेस, पाठमोरी, पण तुझा तो निळ्या फुलांचा पोशाख मी ओळखला. मी म्हटलं, हाच घ्या. घेतला.

म्हणजे बघ, पान एकशे बारावर आता दाजी ढोल वाजवताहेत. ते वाक्य कुठेही नाही. आता कोणी ते वाचणार नाही, तुझी मुलगी वाचणार नाही, नातवंडं वाचणार नाहीत. मजकूर मंगळवारी छापखान्यात गेला.

परतताना मोरिवाकी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, ओनुमा वाईट माणूस नव्हता." मी सांगतो म्हणालो. सांगितलं.

सोबत सुकी माकुलं पाठवतो आहे. आता इथे दोनच घरं ती वाळवतात. निखाऱ्यावर जरा शेकून घे, दात सांभाळून खा.

मनावरचं ओझं उतरलं असेल अशी आशा करतो.

तुझा भाऊ
शिगेमित्सु


त्सुनोउरा
२० नोव्हेंबर २०२३

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी. "मी पुसायला सांगितलं नव्हतं. खरं आहे का ते विचारलं होतं. आणि मेला त्याचं नाव काय होतं, ते तुम्ही आधीही लिहिलं नव्हतं, आता माणूसच काढलात." पोस्टकार्ड असल्याने पोस्टमनने वाचलं असणार आणि चिझुकोने तर वाचलंच. तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि भांडी घासायला गेली. ती गप्प बसते तेव्हा घरात बसवत नाही. मी धक्क्यापर्यंत चालत जाऊन आलो आणि आता लिहायला बसलो आहे.

त्याचं नाव हिदेमी उसुई. वय त्रेचाळीस. ठेकेदाराचा माणूस. बायको आधीच वारलेली, घरी आई आणि अकरा वर्षांची मुलगी.

वाक्य खरं नाही.

कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या शेपटीपाशी कोळशाचा चुरा साठतो. तो फावड्याने काढायला माणूस आत वाकून शिरतो. त्याआधी फोरमनने स्वतः खटक्यांच्या खोलीत जायचं, पट्ट्याचा मुख्य खटका ओढायचा, लाल पाटी अडकवायची, खटक्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "तीन नंबर बंद, ठीक." मग परत येऊन कागदावर आपला शिक्का मारायचा. शिक्का दिसल्याशिवाय उसुईसारखा माणूस आत जात नाही. हा नियम. आणि नियमाशेजारी आमची पद्धत अशी होती की पाळीच्या टेबलाच्या वरच्या खणात सगळ्या फोरमनचे शिक्के ठेवलेले असत. स्वस्तातले, लाकडी. कोणी जागेवर नसला तर काम अडू नये म्हणून. हे साहेबांना माहीत होतं, चौकशी करणाऱ्यांनाही माहीत असणार, त्यांच्याही खणात असेच होते.

त्या दिवशी जहाज लवकर लागलं. नऊ वाजता दाजींना धक्क्यावर बोलावणं आलं. जाताना ते मला म्हणाले, "शिगे, तीनचा खटका तू जाऊन ओढ. मी आल्यावर शिक्का मारतो, तोवर उसुईला थांबव." मी हो म्हटलं. मी त्यांचा मदतनीस होतो, मला खटका ओढायची परवानगी होती.

खटक्यांची खोली अंगणापलीकडे होती, जाऊन यायला दहा मिनिटं. बाहेर पाऊस होता आणि मी नुकताच चहा ओतला होता. ताई, यापेक्षा मोठं कारण मी बेचाळीस वर्षं शोधतो आहे. मिळालेलं नाही. चहा गरम होता.

मी नियंत्रण कक्षाला फोन केला. "तीन थांबलाय का?" ते म्हणाले, "थांबलाय." तो थांबला होता, पण बंद म्हणून नव्हे. पुढची कोठी भरली की पट्टा आपोआप थांबतो आणि कोठीत जागा झाली की आपोआप सुरू होतो. हे मला ठाऊक होतं. केंद्रात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. मी फोन ठेवला, खुर्चीत बसल्या बसल्या खटक्यांच्या खोलीच्या दिशेने भिंतीकडे बोट केलं आणि म्हणालो, "तीन नंबर बंद, ठीक." सवयीने. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं. मग खण उघडून दाजींचा शिक्का काढला आणि कागदावर मारला. उसुई दारात उभा होता. त्याने कागदावर नजर टाकली, म्हणाला, "आज ओनुमा सान फार चपळ," आणि टोपी घालून गेला.

साडेनऊला पट्टा सुरू झाला.

चौकशी दुसऱ्या दिवशी होती. लांब टेबल, पलीकडे चारजण. अलीकडे दाजी आणि मी, दोघांच्या खुर्च्यांमध्ये एका खुर्चीचं अंतर. कागद पुढे सरकवून विचारलं, "ओनुमा, हा शिक्का तुझा?"

"माझा."

"खटका तू ओढलास?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फाटकाशी सायकल धरून थांबावं, 'येतोस ना?' अशा नजरेने. ते माझी वाट बघत होते. मी बोललो. मी म्हणालो, "ओनुमा सान धक्क्यावर जाण्याआधी मला म्हणाले होते की खटका ओढला आहे, शिक्का मारला आहे."

चौघेही लिहायला लागले. दाजींनी पुढ्यातला कागद परत पलीकडे सरकवला. मग म्हणाले, "हो. तसं म्हणालो होतो."

संध्याकाळी सायकलींच्या छपराखाली त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चिझुकोला आठवा लागलाय ना? कंपनीचं घर जाईल तुझं. माझं काय, हुकूम माझा होता, कसंही मलाच धरलं असतं. एकाने बुडायचं तर दोघांनी कशाला?" मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "आणि फुमिएला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती आधी तुला मारेल आणि मग मी ऐकून घेतलं म्हणून मला." हे म्हणताना ते थोडे हसले सुद्धा.

मी त्यांचा शब्द पाळला. इतर कुठल्याच बाबतीत मी इतका आज्ञाधारक नव्हतो.

पुढचं तुला माहीत आहे, तू त्यातून गेलीस. फोरमनकी गेली, मग "घरगुती कारणास्तव" राजीनामा, मग उत्सुनोमिया, आणि तिथे दुकानाच्या वाहनतळावर शिट्टी घेऊन उभं राहणं. मी त्यांच्या जागी फोरमन झालो. मुलाचं बारसं झालं तेव्हा तुम्ही आला नाहीत, आणि मी लोकांना सांगितलं की दाजी मनाला फार लावून घेतात.

तू ज्याच्या मागून चाळीस वर्षं गॅसची कळ तपासलीस, तो माणूस त्या केंद्रात सगळ्यात सावध होता. त्याने एकच चूक केली. काम मला सांगितलं.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे काम पुन्हा तुझ्याच अंगावर पडेल. मी हे सगळं सविस्तर लिहून मोरिवाकी साहेबांकडे उद्या देतो आहे. एकशे बारा पान परत घाला आणि बरोबर घाला असं सांगणार आहे. काय होतं ते कळवीन.

शिगेमित्सु


त्सुनोउरा
१९ डिसेंबर २०२३

ताई,

माकुलं परत आली, न उघडता. बरोबर आहे.

तू हे पत्र उघडशील की नाही माहीत नाही. कळवीन म्हणालो होतो म्हणून कळवतो.

मोरिवाकी साहेबांनी माझा कागद उभ्या उभ्याच वाचला. मग घडी करून मला परत दिला. म्हणाले, "कुवाहारा, पुस्तक छापून झालं. परवा बांधणी."

मी म्हटलं, एक पान वेगळं छापून चिकटवता येईल.

"येईल. आणि मग? पोलिसांत ते प्रकरण कधीच संपलं. ओनुमा गेला. उसुईची आई गेली. तुला शिक्षा करायला कोणी उरलेलं नाही, म्हणून तू आता आलास. दहा वर्षांपूर्वी का नाही आलास?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ते बूट घालता घालता पुढे म्हणाले, "आणि त्या खणात माझाही शिक्का होता. तू सगळ्यांनाच खणात कोंबणार का?" त्यानंतर त्यांनी मला समितीच्या जेवणाचं आमंत्रण पाठवलं नाही.

घरी आलो तर चिझुको भात वाढत होती. तिला मी आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. म्हणाली, "त्यांनी काही दुसरं म्हणावं असं वाटलं होतं का तुम्हाला?" मग भाताचं भांडं झाकून म्हणाली, "मला निदान विचारायचं तरी. माझ्या पोटाचं कारण दोघांनी मिळून पुढे केलंत, मला कोणी विचारलं नाही. मी भाड्याच्या खोलीत राहिले असते." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

उसुईंची मुलगी मित्सुयो इथून गाडीने दोन तासांवर राहते. तिचं केस कापायचं दुकान आहे. मंगळवारी गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ती फरशीवरचे केस झाडत होती, मी उभ्यानेच सांगायला लागलो तर म्हणाली, "बसा, पडाल." बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून केस कापायच्या खुर्चीत बसलो. समोर आरसा. सगळं मला माझ्या तोंडाकडे बघत सांगावं लागलं. ती झाडतच होती.

झाल्यावर म्हणाली, "ओनुमा सान दर नोव्हेंबरात यायचे."

ताई, तुला हे माहीत असेल तर सोडून दे. मला माहीत नव्हतं. दर वर्षी सतरा तारखेच्या आसपास ते गाडीने तिथे जात. आधी थडगं धुवायचे, मग घरी. पहिली काही वर्षं उसुईच्या म्हाताऱ्या आईने दार उघडलं नाही. मग उघडलं. मग चहा. शेवटी शेवटी म्हातारी त्यांची वाट बघायची, आणि ती गेल्यावर ते मित्सुयोकडे यायचे, केस कापून घ्यायचे आणि जायचे. गेल्या वर्षीही आले होते. "डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं," ती म्हणाली, "तरी मी अर्धा तास कात्री चालवली."

मग ती म्हणाली, "एकदा आजीने त्यांना विचारलं होतं, तुम्ही का बघितलं नाहीत? ते म्हणाले, मी धक्क्यावर होतो. एवढंच. आजीला वाटलं, सबब सांगताहेत. तिने चहाचा पेला उचलून आत नेला. पुढच्या वर्षी ते आले आणि पुन्हा कधी धक्क्याचं नाव काढलं नाही."

मी खुर्चीतून उठलो.

तिने केसांचा ढीग सुपलीत भरला. म्हणाली, "तुम्ही मला काय करायला सांगताय, कुवाहारा सान? ज्याच्यावर रागवायचं होतं त्याच्यावर मी वीस वर्षं रागावले. नंतर राग संपवला. सोपं नव्हतं ते. आता तुम्ही म्हणता, तो माणूसच चुकीचा. मी त्रेपन्न वर्षांची आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू?"

मी म्हटलं, मी एक पान लिहिणार आहे, त्यात तुमच्या वडिलांचं नाव घालायला परवानगी हवी.

"घाला. पूर्ण घाला. ओनुमा सानचं घाला, तुमचं घाला. आणि पुन्हा इथे येऊ नका."

पान मीच लिहिलं. पाच वेळा मुद्रित तपासतो तसं तपासलं. ते असं आहे:

"पान ११२ वर असायला हवा होता तो मजकूर. १७ नोव्हेंबर १९८१ रोजी सकाळी साडेनऊला कोळशाच्या पट्टा क्रमांक तीनवर हिदेमी उसुई, वय त्रेचाळीस, यांचा मृत्यू झाला. खटका ओढण्याचं काम शिगेमित्सु कुवाहारा याच्याकडे दिलं होतं. त्याने ते केलं नाही, खोटा शिक्का मारला आणि चौकशीत खोटं सांगितलं. फोरमन तेइझो ओनुमा त्या वेळी धक्क्यावर होते. त्यांची चूक नव्हती."

तोमिनागा बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. म्हणाल्या, "तीनशे प्रती गेल्या. माझ्याकडे एकेचाळीस उरल्यात. त्यांत घालते." मी म्हटलं, साहेब रागावतील. त्या म्हणाल्या, "मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. किती रागावतील?" आम्ही दोघांनी बसून डिंकाने एकेचाळीस पानं चिकटवली. एक प्रत नगर वाचनालयात दिली. एक मित्सुयोला टपालाने पाठवली. एक या पत्रासोबत आहे. बाकीच्या कोणाकडे जातील आणि ते उघडतील का, मला सांगता येत नाही. तीनशे घरांत दाजी ढोल वाजवताहेत आणि १९८१ सालच्या नोव्हेंबरात काहीच घडलेलं नाही. ते आता माझ्या हातात राहिलं नाही. होतं तेव्हा मी शुद्धलेखन बघत होतो.

चिकटवलेलं पान जरा वर राहतं. पुस्तक हातात धरलं की आपोआप तिथेच उघडतं.

पत्राच्या शेवटी 'तुझा भाऊ' लिहायची पद्धत आहे. पहिल्या दोन पत्रांत मी ते तुला न विचारता लिहिलं. या वेळी ती जागा मोकळी ठेवतो. तिथे काय लिहायचं, की काहीच नाही, ते तू ठरव.

शिगेमित्सु कुवाहारा